एकशे दहा टक्के

अबोली न्हाणीघरातून निघून तिच्या खोलीकडे गेली आणि तिच्यामागे मोझेकच्या फरशीवर टाचेचा लाल ठसा राहिला. एकच ठसा. सकाळचे साडेसात वाजले होते, नातीच्या बारशाचा दिवस, गॅसवर घुगऱ्यांचे हरभरे शिजत होते आणि हॉलमध्ये आमचे हे स्टुलावर उभे राहून पाळण्याच्या कडीला तेल घालत होते. अशा वेळी शहाण्या बाईनं काय करावं? मुलीला हाक मारावी, विचारावं, फोन उचलावा. मी काय केलं, तर आधी दाराकडे पाहिलं. मग कमरेला खोचलेलं फडकं काढलं, उकिडवी बसले आणि ठसा पुसला. पुसून झाल्यावर मान तिरकी करून फरशी उजेडात बघितली, कडेला राहिलेली रेघ पुन्हा ओलं करून काढली, आणि तेव्हा कुठे मला कळलं की आपण हे काय करतोय. हॉलमधून ह्यांनी विचारलं, "काय सांडलं गं?" मी म्हटलं, "चहा." एक्कावन्न वर्षांची बाई मी, सव्वीस वर्षं रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय, काचपट्टीवर पसरतेय, नळीत घालून फिरवतेय, आणि स्वतःच्या लेकीच्या रक्ताला चहा म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तो हात माझा नव्हताच म्हणा, आईचा होता. मथुराबाईंचा. मी नऊ वर्षांची असताना आई मला घेऊन पादऱ्याला गेली होती, दुर्गामावशीकडे. मावशीचं तिसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. बाळ पंधरा दिवसांचं होतं आणि मावशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. खाटेखाली मातीची परात ठेवली होती. आई दिवसभर काही तरी पुसत होती. ओटीवरून मावशीच्या सासूबाईंच्या जोडव्यांचा आवाज आला की आईचा हात जास्तच भरभर चाले. मी विचारलं, "आई, मावशीला लागलंय का?" तर म्हणाली, "उष्णता आहे. बाहेर कोणाला सांगायचं नाही." अठराव्या दिवशी मावशी गेली. सासरची माणसं म्हणाली बाळंतरोग, शेजारणी म्हणाल्या दृष्ट, आणि आईनं कोणालाच काही सांगितलं नाही. परत येताना छकड्यात तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. ते तिनं करजणला मोठ्या मामाकडे उतरल्यावरही खाली ठेवलं नाही. बडोद्यात घरी आल्यावर विहिरीवर नेलं आणि एकटीनं धुतलं.

ते गाठोडं म्हणजे आमच्या घरातल्या बायकांची ठेव. बाकीच्या मुली सासरी जाताना ट्रंकेत शालू, पैठण्या, भांडीकुंडी नेतात. आमच्याकडे सगळ्यात तळाशी जुनेरी लुगडी जातात, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली, हातहातभर फाडून घड्या घातलेली. आईनं माझ्या ट्रंकेत ती रचली तेव्हा वर वर्तमानपत्राचा कागद घातला आणि म्हणाली, "रमे, जावयांना नाही, सासूला तर नाहीच नाही. आपल्या बायकांचं रक्त पातळ आहे एवढं बाहेर गेलं, तर उद्या तुझ्या मुलीला कोण करून घेणार?" आमचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात होते. पिढ्यानपिढ्या लोकांच्या जमिनींचे, वारसांचे कागद सांभाळणारी माणसं. कुठला कागद पुढे करायचा आणि कुठला कपाटात ठेवायचा, हे आमच्या अंगातच असतं. मी त्या शाळेत पहिली आले असते. एरवी माझं तोंड अख्ख्या दांडिया बाजारात प्रसिद्ध आहे. भाजीवाल्यापासून कॉर्पोरेशनच्या कारकुनापर्यंत कोणाला सोडत नाही मी. पण ह्या एका बाबतीत मला बोलताच येत नाही.

माझं माझ्यापुरतं कळलं ते त्र्याऐंशी साली, दाढ काढल्यावर. तीन दिवस रक्त थांबेना. चौथ्या दिवशी मी तोंडात कापसाचा बोळा धरून तशीच कामावर गेले, तेव्हा मयंकभाईंनी, म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी, मला खुर्चीत बसवलं आणि माझंच रक्त काढलं. बर्फाच्या थर्मासमधून ते मुंबईला गेलं. उत्तर आलं, रक्त थांबवणारं एक प्रथिन फक्त बावीस टक्के. निदान पन्नास हवं. मयंकभाईंनी त्या रिपोर्टच्या पाठीवर पेन्सिलीनं एक नळी काढली. म्हणाले, रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, लाद्या बसवल्यासारखं एकाला एक लागून. प्रत्येक पेशीत लांबट डब्या असतात. डबीत एक प्रथिन गुंडाळून ठेवलेलं असतं. वाहिनीला चीर पडली की पेशी डबी बाहेर रिकामी करते, मग ते प्रथिन उलगडतं, त्याचे लांब लांब धागे चिरेला धरून राहतात आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट त्यात अडकतात. अडकलेल्या प्लेटलेटही पोटात साठवलेलं तेच प्रथिन बाहेर टाकतात, म्हणजे आणखी अडकतात, आणि चीर बुजते. "रमाबेन, तमारामां डब्बी तो छे, पण अंदर माल ओछो," डबी आहे पण आत माल कमी, असं म्हणून ते हसले. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता आणि तो मी विचारला: पेशीला 'आता उघड' म्हणून सांगतं कोण? ते म्हणाले, जखम सांगते, भीती सांगते, नुसतं जिने धावत चढलं तरी थोडी उघडते. आणखीही कारणं आहेत, म्हणाले, पण बाहेर पेशंट बसले होते. ती कारणं मी पुढे चौदा वर्षांत विचारली नाहीत. आज ती सगळी चौदा वर्षं माझ्या मानेवर बसली आहेत. रिपोर्ट मी घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला, जुनेऱ्यांखाली. ह्यांना दाढेचं माहीत होतं, पण ह्या दुखण्याला नाव आहे आणि ते आईकडून लेकीकडे जातं, हे मयंकभाई आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं.

अबोलीच्या नाकातून लहानपणी यायचं. मी म्हणायचे, उष्णता. शाळेत असताना महिन्यातले सात-आठ दिवस ती वाळलेल्या भाजीसारखी पडून असायची. मी पालकाच्या जुड्या आणायचे, लोहाच्या गोळ्या द्यायचे आणि म्हणायचे, आपल्या घराण्यातच उष्णता आहे, मनुका खा. एकदा विचारलं होतं तिनं, अकरावीत असताना, "आई, तू लॅबमध्ये आहेस ना, मग माझं तपासत का नाहीस?" मी म्हटलं, "तपासण्यासारखं काही असलं तर तपासीन ना." खरं तर मला बघायचंच नव्हतं. कागदावर आकडा आला असता की तो लपवावा लागला असता. आकडाच नसला तर लपवायचं काय, असा माझा हिशेबी शहाणपणा. मग ती युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथे तिला अनुज भेटला. सरदारांच्या घरातला मुलगा. तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या; हा पेजर विकणाऱ्या एका नव्या कंपनीत लागला, टाय लावून अलकापुरीत फिरायचा. त्याची आई इंदिराबाई आमच्याकडे बोलणी करायला आल्या तेव्हा पदर घट्ट घेऊन ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्यात जातीबाहेर कोणी केलेलं नाही. पण मुलगा ऐकत नाही. एकच विचारते रमाबाई, घराण्यात काही दुखणंबिखणं नाही ना?" मी चहाची कपबशी त्यांच्या पुढे सरकवली आणि म्हटलं, "छे हो. आमच्याकडे सगळे ऐंशी-ऐंशी जगतात." दुर्गामावशी अठ्ठाविसाव्या वर्षी गेली होती. अबोलीच्या ट्रंकेत मी बाजारातल्या पॅडची डझनभर पाकिटं भरली आणि त्यांच्या खाली, सवयीनं, आईची जुनेरी.

आणि मग मी माझी हुशारी केली. आठव्या महिन्यात अबोली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, फोटो काढले. त्या महिनाभर तिला एकदाही नाकातून आलं नाही, दात घासताना हिरडीतून आलं नाही, हिमोग्लोबिन बघायला मी सुई घातली, त्या जागी निळा डागसुद्धा पडला नाही. मला वाटलं, बघू या तरी. मनात आशा आली की माणूस तपासायला धजतं. मयंकभाई तेव्हा लेकीकडे अमेरिकेला गेले होते. मी माझ्या हातानं तिचं रक्त काढलं, प्लाझ्मा वेगळा केला, गोठवला, मुंबईला पाठवला आणि नऊ दिवस कोणाशी धड बोलले नाही. पाकीट आलं ते मी जिन्यातच फोडलं. एकशे दहा टक्के. बावीस नाही, पन्नास नाही, एकशे दहा. मी तिथेच पायरीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आईची आठवण आली आणि तिच्यावर मात केल्याचा आनंद झाला. संपलं, म्हटलं, दुर्गामावशी, आई, मी, इथे थांबलं. येताना मांडवीतून पेढे आणले. ह्यांनी विचारलं, कशाचे? म्हटलं, बरं वाटतंय म्हणून. शिवांगीबेनकडे, म्हणजे अबोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे, मी ह्यातलं काही बोलले नाही. बोलायचं काय, काही नव्हतंच ना. बाळंतपणही कसं सुरळीत झालं. मुलगी झाली, तीन किलोची, रडण्याचा आवाज खणखणीत. इंदिराबाईंनीसुद्धा पहिल्यांदा मोकळं हसून माझ्या हातावर साखर ठेवली.

नवव्या दिवशी अबोली म्हणाली होती, "आई, परत वाढलंय." मी शेगडीत ओवा टाकत होते. मी म्हटलं, "होतं तसं. बाळंतिणीला चाळीस दिवस थोडंथोडं असतंच." दहाव्या दिवशी म्हणाली, "गुठळ्या जातायत." मी म्हटलं, डिंकाचा लाडू खा आणि पडून राहा. तो आकडा माझ्या डोक्यात असा काही बसला होता की तिचं तोंड मला दिसेना. आणि आज बाराव्या दिवशी फरशीवर टाच. मी फडकं धुवून पिळलं, परत कमरेला खोचलं आणि तिच्या खोलीत गेले, तर ती पलंगाच्या कडेला बसली होती, ओठ पांढरे, आणि बाळ बाजूला मुठी चोखत पडलं होतं. ती म्हणाली, "आई, बारशाला किती माणसं येणारेत? मला उभं राहवेल असं वाटत नाही." तिच्याखालची चादर मी बघितली. मग मात्र मी ह्यांना हाक मारली.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, बाळ ह्यांच्या मांडीवर होतं. रस्त्यात केबलवाल्यांनी खणून ठेवलेलं होतं, रिक्षा प्रत्येक खड्ड्याला उडत होती आणि प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घेत होती. तिचा हात माझ्या हातात होता. मनगटाच्या आतल्या बाजूला निळी शीर दिसत होती, मी कितीतरी वेळा सुई घातलेली. मला वाटत राहिलं, ह्या कातडीच्या खाली, ह्या बारीक नळीत, त्या पेशी शेजारीशेजारी बसलेल्या आहेत. त्यांच्या हाताशी डब्या आहेत, आणि त्यांना कळत असणार की खाली कुठे तरी वाहतंय, बंद होत नाहीये. मी त्यांना काय सांगू? कुठून सांगू? मी तिचा हात चोळत राहिले. ती म्हणाली, "दुखतंय, आई, हळू." घुगऱ्यांचा गॅस बंद केला की नाही हेही मला आठवेना.

शिवांगीबेनच्या नर्सिंग होममध्ये इंदिराबाई आणि अनुज आमच्या आधी येऊन उभे होते. ह्यांनी त्यांना फोन केला होता. इंदिराबाई बारशासाठी नेसलेल्या जांभळ्या रेशमी साडीतच होत्या. शिवांगीबेननी तपासलं, इंजेक्शनं दिली, सोनोग्राफी केली. साडेअकरा होऊन गेल्यावर बाहेर आल्या तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. "पिशवी नीट आकसली आहे, आत काही राहिलेलं दिसत नाही, ताप नाही. तरी थांबत नाही," असं त्या गुजरातीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "रमाबेन, तमारा घरमां कोईने आवुं थयुं छे? रक्ताचा काही त्रास?" इंदिराबाई माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्या अत्तराचा वास येत होता. मी म्हटलं, "ना. नाही." आणि मनात म्हटलं, एकशे दहा. हे खोटं नाही, कागद आहे माझ्याकडे, छापील. तिच्यात नाहीये ते. मग कोणाकोणात होतं ते सांगून काय उपयोग? अशी मी माझ्याशीच भांडत उभी राहिले. शिवांगीबेन म्हणाल्या, "साडेबाराला आत घेते. पिशवी आतून साफ करते. तरी नाही थांबलं तर काढावी लागेल. दुसरा इलाज नाही." अनुज भिंतीला टेकून खाली बसला. चोवीस वर्षांची आहे माझी मुलगी.

समोर पीसीओ होता. मी रस्ता ओलांडून गेले आणि काचेच्या त्या खोक्यात उभी राहून मयंकभाईंना घरी फोन लावला. परवाच परत आले होते. मी एका दमात सगळं सांगितलं, आठवा महिना, एकशे दहा, बारावा दिवस. मग ते अगदी हळू म्हणाले, "रमाबेन, ए तो प्रेग्नन्सीमां वधी ज जाय." पोटात मूल असताना शरीर पेशींना सांगतं, जास्त बनवा, जास्त सोडा, बाळंतपणात लागणार आहे. बावीसवालीचेही शंभर होतात. आणि मूल झालं की आठ-दहा दिवसांत, पंधरा दिवसांत, ते सांगणं बंद होतं आणि आकडा जिथल्या तिथे येतो. "तमे ए वखते टेस्ट केम कर्यो? मला विचारलं का नाही?" मी रिसीव्हर धरून उभी होते. समोरच्या काचेवर एसटीडी आयएसडी उलटं दिसत होतं. म्हणजे ते नऊ महिने तिच्या पेशींनी मोठ्या मनानं दिलं, आणि मी नेमकी तेव्हाच गेले मोजायला. दुर्गामावशी अठराव्या दिवशी गेली. आठ-दहा, पंधरा, अठरा. त्या पादऱ्याच्या खाटेखालच्या परातीत सगळं लिहिलेलं होतं, वाचायला कोणी नव्हतं. मयंकभाई बोलतच होते, की आतून खरवडू देऊ नका, त्या भिंतीला बुजता येत नाही, आधी क्रायो द्या, ब्लड बँकेत मिळेल, रक्तातला तोच भाग वेगळा काढून गोठवलेला असतो. एक इंजेक्शनही आहे, डब्या उघडायला लावणारं, पण ते अहमदाबादहून मागवावं लागेल. "डॉक्टरने कहो. हमणां ज, आत्ताच्या आत्ता. मी निघतोच." मी म्हटलं, "हो, सांगते."

सांगते म्हटलं आणि रस्ता ओलांडून परत आले. आणि नाही सांगितलं. हे कसं समजावून सांगू मी? बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. शिवांगीबेनच्या खोलीचं दार उघडं होतं, आत त्या फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या, दारापाशी बाकावर इंदिराबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दारापर्यंत गेले. तोंड उघडलं. इंदिराबाईंनी वर बघितलं. मला त्यांच्यापुढे सरकवलेली ती कपबशी दिसली आणि मी पाण्याच्या कूलरकडे वळले. पाणी प्यायले. पुन्हा गेले, पुन्हा वळले. माझे पाय मला फिरवत होते आणि आत माझी मुलगी वाहत होती. लाज वाटते सांगायला, पण त्या पाच-सात मिनिटांत मी असाही विचार केला की मयंकभाई येतीलच, तेच सांगतील, माझ्या तोंडून जायला नको. आई जिवंत असती तर तिनं मला शाबासकी दिली असती.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. म्हणाली, ओ पॉझिटिव्ह ताजं रक्त लागेल, दोन बाटल्या, घरातलं कोण देणार? अनुज उठला, पण त्याचा गट बी. ह्यांचं वय बासष्ट. इंदिराबाईंनी बाळ ह्यांच्याकडे दिलं आणि दंडावरचा पदर बाजूला केला. "माझा ओ पॉझिटिव्ह आहे. घ्या किती पाहिजे तेवढं." नर्सनं विचारलं, डायबिटीस? त्या म्हणाल्या, इन्सुलिन घेते. नर्सनं मान हलवली. इंदिराबाई तशाच दंड उघडा ठेवून उभ्या राहिल्या, लहान मुलीला ओरडा बसावा तशा. मग नर्सनं हातातलं कार्ड बघितलं. "मम्मीनो पण ओ पॉझिटिव्ह लख्यो छे. चालो बेन." सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनुज, हे, इंदिराबाई. सव्वीस वर्षं मी लोकांना म्हणत आले, मूठ आवळा, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. नर्सनं माझं कोपर धरलं. मी हात ओढून घेतला.

"माझं चालणार नाही," मी म्हटलं.

"का?" इंदिराबाई म्हणाल्या. "आई ना तुम्ही?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरंच कळत नव्हतं त्यांना. लेकीला रक्त द्यायला हात मागे घेणारी आई त्यांनी कधी पाहिली नसणार. मी म्हटलं, "माझ्या रक्तात तेच नाहीये जे तिला पाहिजे. माझ्या आईच्या नव्हतं. माझी मावशी अशीच बाळंतपणात गेली, पादऱ्याला, अठराव्या दिवशी. मला चौदा वर्षं माहीत आहे. तुम्ही विचारलं होतंत इंदिराबाई, चहा घेताना, आणि मी नाही म्हटलं." एवढं बोलले आणि मग थांबताच येईना. जुनेरी सांगितली, बावीस सांगितले, एकशे दहा सांगितले, सकाळची टाच सांगितली, चहा सांगितला. शिवांगीबेन फोन ठेवून दारात येऊन उभ्या होत्या. "में पूछ्युं हतुं ने तमने?" एवढंच म्हणाल्या, आणि मला बाजूला सारून आत ओरडल्या, "पेशंटला टेबलावर घेऊ नका. परत आणा." मग भराभर फोन झाले. ब्लड बँकेत क्रायोच्या सहाच पिशव्या होत्या, बाकीच्या दुसरीकडून मिळवायच्या. अनुज स्कूटरची किल्ली घेऊन धावत जिना उतरला. जाताना त्यानं एकदा वळून माझ्याकडे बघितलं. ह्यांनी नुसतं विचारलं, "दाढेचं होतं ते हेच का?" मी मान हलवली. ते बाळाला थोपटत राहिले.

मग काही करण्यासारखं राहिलंच नाही. पिशव्या येणार, त्या दगडासारख्या गोठलेल्या असतात, कोमट पाण्यात ठेवायच्या, वितळायला वेळ लागतो, घाई करता येत नाही, पाणी जास्त गरम झालं तर आतलं प्रथिन वाया जातं. हे सगळं मला माहीत आहे. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. इंदिराबाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. मला वाटलं आता बोलतील, बोलू देत, माझी तयारी होती. पण त्या म्हणाल्या, "आणि हिला?" ह्यांच्या मांडीवरच्या बाळाकडे बघत. तिला अजून नावही नव्हतं. घरी रिकामा पाळणा फुलांच्या माळा लावून टांगलेला होता. मी म्हटलं, "माहीत नाही. आत्ता तपासलं तर चांगलंच येईल. नव्या जन्मलेल्या बाळाचं चांगलंच येतं. वर्षभरानं कळेल." त्या म्हणाल्या, "वर्षभर थांबायचं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी बाळाची टाच चिमटीत धरली आणि सोडून दिली.

अबोलीची ट्रॉली ऑपरेशनच्या दारापासून परत खोलीकडे नेत होते. ती झोपल्या झोपल्या आमच्या समोरून गेली, डोळे अर्धे उघडे, आणि तिच्यामागे पांढऱ्या लाद्यांवर थेंब पडत गेले. एक इथे, एक दोन हातांवर, मग खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ओळीनं. मी उठले. माझा हात कमरेकडे गेला. सकाळचं फडकं अजून तिथेच होतं, आईच्या लुगड्याचा तुकडा, किनारीचा हिरवा दोरा अजून शाबूत असलेला. मी उकिडवी बसले, पहिल्या थेंबावर फडकं ठेवणार, एवढ्यात इंदिराबाईंनी वाकून माझं मनगट धरलं. घट्ट, पण रागानं नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना बघू दे किती गेलंय ते."

मी फडकं मुठीत धरून तशीच बसून राहिले. खालून स्कूटर आल्याचा आवाज येतो का ऐकत होते, येत नव्हता. खोलीतून अबोलीनं हाक मारली, इतकी बारीक की आधी मला ती बाळाचीच वाटली. "आई, थांबलं का गं?"

मी लाद्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही बाळा. अजून नाही थांबलं."